टाइट

कुपवाडच्या एमआयडीसीत, जिथं वळताना
प्रत्येक ट्रक तोच एक खांब घासून जातो,
तिथं हा शब्द पहिल्यांदा माझ्या हातात आला.
सोळा-सतराचा पाना, त्यावर कुणाचं तरी कालचं वंगण,
आणि भूपालअण्णा मगदूम म्हणाले, "टाइट कर."

केला. दातओठ खाऊन केला.
बोल्टची मान तुटली, पत्र्यावर टणकन पडली.
"टाइट म्हंजे जीव घेणं न्हवं रं,
कुठं थांबायचं ते मनगटाला कळाय पायजे."

आयटीआयच्या वहीत त्याच्यापुढं एकच शब्द होता: घट्ट.
अण्णांच्या तोंडात तो कुठंही बसायचा.
पगार लांबला की, "ह्या महिन्यात जरा टाइट हाय."
नवा मॅनेजर, "लई टाइट माणूस, हसला तर पावती मागंल."
गणपतीत मिरजेला बंदोबस्त टाइट.
आणि शीतल उपाध्ये शनिवारी शिफ्ट सोडून जायचा,
सोमवारी दुपारी उगवायचा,
मधल्या वेळात कुठंतरी टाइट.

मी एकदा विचारलं, अण्णा, एवढं सगळं
एका शब्दात मावतंय कसं?
म्हणाले, "ॲडजस्टेबल पाना हाय त्यो."

आईकडं मात्र अख्खी पेटी आहे.
माझा शर्ट आवळ, तिचं पोलकं तंग,
डबा गच्च, गाठ कच्च,
वाळत घातलेल्या साडीची दोरी ताठ,
आणि वडलांचा हात, विषय निघाला की, आखडता.
एकेका आट्याला एकेक.
शोधावं लागत नाही तिला. नुसता हात घालते.

मार्चमधली तिसरी शिफ्ट.
प्रेस बंद होता, पंखा नुसता आवाज करत होता.
अण्णा स्टुलावर बसले,
छातीवर तळहात ठेवून म्हणाले,
"हितं जरा टाइट झालंय."

आम्ही हसलो.
शीतल म्हणाला, "कितीचा पाना देऊ?"
आणि मी खरंच, गमतीत, खोक्याकडं हात नेला.
तो निम्म्यावर गेलेला हात
मला अजून दिसतो, अंथरुणावर पडलं की.

मग घाम बघितला. मग कोणीच हसलं नाही.

टेम्पोत हळदीची रिकामी पोती होती.
मिरजेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात,
पिवळा झालेला, दोघांचाही.
किती जोर लावायचा ते कळेना.
सैल धरला तर सुटेल असं वाटायचं,
आवळला तर तो पहिला बोल्ट आठवायचा.
रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी. डबे मोजले,
बेचाळीस, मग विसरलो.

डॉक्टरांनी कागदावर एक पाइप काढला,
आतून बारीक होत गेलेला.
बाकी काही नाही, पण पाइप आम्हांला लगेच समजला.
शीतल म्हणाला, "साहेब, पूर्ण जाम नाही ना?"
त्या रात्री तो शुद्धीत होता. पुढं बरेच दिवस होता.

आता अण्णा घरीच असतात, माधवनगरला.
परवा गेलो. टीव्हीवर बातम्या, आवाज बंद.
त्रिशलाकाकू आतून बरणी घेऊन आल्या,
लिंबाचं लोणचं, गेल्या वर्षीचं,
"झाकण कच्च बसलंय बघ."
अण्णांचा हात आपोआप पुढं आला,
काकूंनी नुसतं बघितलं,
तो परत मांडीवर गेला.

बरणी माझ्याकडं.
पदर दिला, तो गुंडाळला, फिरवलं. नाही.
परत फिरवलं. मनगट पांढरं पडलं.
अकरा वर्षं फिटर आहे मी,
काकू दारात उभ्या, अण्णा टीव्हीकडं तोंड करून.

"उलटं फिरवालायस," अण्णा म्हणाले,
मान न वळवता.
"टाइट करालायस की रं त्याला."

काकूंना हसू आवरेना.
अण्णाही हसले,
जपून, एका हातानं छाती धरून.